सत्काराचा हार आणि पहिली नोकरी

आपल्या समाजात सत्काराला तोटा नाही. मुलगा पदवीधर झाला की सत्कार, मुलगी नर्स झाली की सत्कार, कोणी परदेशी निघाले की जाण्यापूर्वी एक आणि आल्यावर दुसरा. आम्ही त्याच्या विरुद्ध नाही. ज्या समाजाच्या पाठीवर पिढ्यान् पिढ्या कोणी शाबासकीची थाप मारली नाही, त्याने आपल्या लेकरांच्या गळ्यात हौसेने हार घालावा, यात वावगे काही नाही. परंतु हार घातला म्हणजे आपले काम संपले काय, याचा विचार एका प्रसंगाने आम्हांला करायला लावला. त्या प्रसंगात चूक आमचीच होती. म्हणून ती झाकून ठेवण्यापेक्षा वाचकांपुढे मांडलेली बरी.

आमच्या वस्तीत एक मुलगी आहे. वडील बेस्टमध्ये कंडक्टर, आई चार घरी पोळ्या करते. मुलीने कायद्याची पाच वर्षांची पदवी प्रथम श्रेणीत मिळवली. पुढे राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती मिळाली. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच्या या शिष्यवृत्तीच्या जागा वर्षाला ७५. पोरीने त्यात नाव लावले आणि २०२१ च्या सप्टेंबरात ती एलएल.एम. करायला लंडनला गेली. वर्षभराचा अभ्यासक्रम तिने वेळेत पुरा केला. २०२३ ची जयंती जवळ आली तेव्हा आमच्या समितीने ठरवले की, तिला बोलावून सत्कार करायचा. तिने फोनवर दोनदा सांगितले, "काका, आत्ता नको, पुढच्या वर्षी येते." आम्ही ऐकले नाही. तिसऱ्या फोनला आम्ही तिच्या वडिलांनाच पुढे केले. मग ती आली. तिकीट तिचे, हौस आमची.

विहारासमोर फ्लेक्स लागला : 'आपल्या वस्तीची पहिली बॅरिस्टर'. ढोल वाजले, शाल झाली, भाषणे झाली. रात्री सगळे पांगल्यावर विहाराच्या पायरीवर चहा घेताना ती हळूच म्हणाली, "काका, रागावू नका. मी बॅरिस्टर नाही. सॉलिसिटरसुद्धा नाही. आणि मला अजून नोकरी नाही."

नंतर कळले ते असे. एका मोठ्या लॉ फर्मने तिला १७ एप्रिलला लंडनमध्ये निवडीसाठी बोलावले होते. निरोप येईतो ती इकडे यायला निघाली होती. परतीचे तिकीट २२ तारखेचे. त्या निवडीला सगळ्या उमेदवारांना एकाच दिवशी बोलावतात, एकट्यासाठी तारीख बदलत नाहीत. एकोणीस ठिकाणी अर्ज केल्यावर आलेले ते एकुलते एक बोलावणे आमच्या ढोलताशात वाहून गेले.

आम्हांला त्या रात्री झोप आली नाही. आम्ही बी.कॉम. झालेले कारकून. कायद्यातले आम्हांला फारसे कळत नाही, पण जमा-खर्च कळतो. दुसऱ्या दिवशी तिला समोर बसवून एका कागदावर दोन बाजू मांडल्या. जमेला दोन पदव्या, उत्तम इंग्रजी आणि पदवीनंतर तिथे राहून काम करण्याचा दोन वर्षांचा व्हिसा. तो जानेवारीत मिळालेला, म्हणजे २४ महिन्यांतले तीन संपलेले. खर्चाला खोलीचे भाडे, परीक्षांची फी, विमानाचे तिकीट. शिष्यवृत्ती तर पदवीबरोबरच संपली होती. हा ताळेबंद पाहिल्यावर प्रथमच आमच्या ध्यानात आले की, पदवी आणि पहिली नोकरी यांच्यामध्ये एक दरी आहे. शिष्यवृत्तीची शिडी त्या दरीच्या अलीकडच्या काठापर्यंतच पोचते.

आता ज्या घरांतली मुले कायदा शिकत आहेत, त्या आईबापांनी पुढचे नीट वाचावे. इंग्लंडमध्ये वकिलांचे दोन वर्ग आहेत. न्यायालयात उभा राहून मुख्यतः बाजू मांडतो तो बॅरिस्टर. अशिलाला सल्ला देतो, कागदपत्रे व करार तयार करतो, व्यवहार पार पाडतो तो सॉलिसिटर. आंतरराष्ट्रीय लॉ फर्म म्हणजे शेकडो सॉलिसिटरांची कचेरी. लिंकलेटर्स, क्लिफर्ड चान्स, फ्रेशफील्ड्स ही लंडनमधली मोठी नावे. त्यांच्या शाखा देशोदेशी असतात. कंपन्यांची खरेदी-विक्री, बँकांची कर्जे, दोन देशांतल्या व्यापाऱ्यांचे तंटे ही त्यांची कामे.

एलएल.एम. केले म्हणजे या कचेरीत खुर्ची मिळते, हा आपल्याकडचा मोठा गैरसमज आहे. एलएल.एम. ही अभ्यासाची पदवी आहे, वकिलीचा परवाना नव्हे. इंग्लंडमध्ये सॉलिसिटर होण्यासाठी सप्टेंबर २०२१ पासून एस.क्यू.ई. नावाची परीक्षा सुरू झाली आहे. तिच्या पहिल्या भागात १८० प्रश्नांच्या दोन प्रश्नपत्रिका. दुसऱ्या भागात अशिलाशी बोलणे, मसुदा करणे, बाजू मांडणे अशी प्रत्यक्ष कामाची कसोटी. दोन्ही भागांची फी मिळून जवळपास ५,००० पौंड, म्हणजे रुपयांत पाच लाखांच्या वर. शिवाय दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि उमेदवाराची वर्तणूक तपासली जाते. मोठ्या फर्म आपल्या निवडलेल्या उमेदवारांची फी स्वतः भरतात आणि दोन वर्षे पगारी उमेदवारीवर घेतात. परंतु ही निवड बहुधा दोन वर्षे आधी होते. अर्जांची मुदत पावसाळा संपता संपता उघडते आणि हिवाळ्यात बऱ्याच ठिकाणी मिटते. सप्टेंबरात लंडनला उतरलेल्या आपल्या मुलाला अजून वर्गाची खोली सापडायची असते, तोवर तिकडे अर्ज सुरू झालेले असतात.

ज्यांच्या घरी दोन-तीन पिढ्या वकिली चालत आली, त्यांच्या मुलांना हे सारे जेवता जेवता कळते. मामा सांगतो, काका चिठ्ठी देतो, वडिलांचा मित्र अर्ज तपासून देतो. आपल्या मुलीचे काका आम्ही. आम्ही काय केले? फ्लेक्स छापला.

आणखी एक गोष्ट त्या कागदावर निघाली, ती मनाला फार लागली. जो आपल्या देशात सनद घेतलेला वकील आहे, त्याला इंग्लंडची ती दोन वर्षांच्या अनुभवाची अट लागू होत नाही. तिने जाण्यापूर्वी सनद घेतली असती तर ही अट सुटली असती. पण तेव्हा सनदेचा खर्च हजारोंच्या घरात होता, आणि 'लंडनला चाललीस तर इथली सनद कशाला?' असे म्हणणाऱ्यांत आम्हीही होतो. आता ती अडचण उरलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ च्या निकालात सांगितले की, कायद्यात लिहिली आहे त्याहून अधिक नोंदणी फी बार कौन्सिलांनी घेऊ नये. ती फी सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला १२५ रुपये आहे. सव्वाशे रुपये! जयंतीच्या एका हाराचा खर्च याहून जास्त असतो.

इथे बाबासाहेबांची आठवण होणे साहजिक आहे. १९१३ मध्ये ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले. १९१६ मध्ये लंडनला आले, ग्रेज इनमध्ये नाव घातले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये शिक्षण अर्ध्यावर टाकून त्यांना परतावे लागले. आम्ही जिला दरी म्हणतो ती बाबासाहेबांच्याही वाटेत आली होती. सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत झाली, नवल भथेना या पारशी मित्राने कर्ज दिले, तेव्हा १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला जाऊ शकले. १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले. १९२३ मध्ये मुंबईत वकिली सुरू करायची तर सनदेला पैसे नव्हते. तेही भथेनांनीच दिले.

आणि पुढे? बॅरिस्टरकडे काम येते ते सॉलिसिटरच्या कचेरीतून. मुंबईतले सॉलिसिटर अस्पृश्य बॅरिस्टराकडे काम घेऊन येईनात. अमेरिकेतल्या आणि लंडनमधल्या मोठमोठ्या पदव्या पदरात असलेल्या या विद्वानाला संसार चालवण्यासाठी १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉयांच्या अकौंटन्सी संस्थेत व्यापारी कायद्याचे वर्ग घ्यावे लागले. तरीही याच काळात, १९२६ मध्ये, पुण्याच्या 'देशाचे दुश्मन' खटल्यात ब्राह्मणेतर चळवळीच्या मंडळींची बाजू लढवून ते जिंकले. सांगायचे ते हे की, पदवी मिळाली तरी कचेरीचे दार आपोआप उघडत नाही, हे बाबासाहेबांनी स्वतः भोगले. आणि त्या काळात एक मित्र पाठीशी उभा राहिला. हार घेऊन नव्हे, पैसे घेऊन.

आमची मुलगी परत लंडनला गेली ती हाच धडा घेऊन. गेल्यावर पहिल्या रविवारी ती किंग हेन्रीज रोडवरच्या १० क्रमांकाच्या घरी जाऊन आली. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये तिथे राहत होते. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते घर विकत घेतले आणि आता तिथे स्मारक आहे. तिने फोनवर सांगितले, "काका, मी तिथं काही मागितलं नाही. नुसती बसले आणि परत येऊन विसावा अर्ज लिहिला."

२०२३ च्या जुलैत तिला एका आंतरराष्ट्रीय फर्ममध्ये काम मिळाले, पण सॉलिसिटरचे नव्हे. पॅरालीगल म्हणजे मदतनिसाचे. वस्तीत कुजबुज झाली, "एवढं लंडनला शिकून शेवटी कारकुनीच?" आम्ही स्वतः कारकून असल्याने हे वाक्य आम्हांला दोन्ही कानांनी लागले! परंतु त्या कारकुनीनेच दार उघडले. कागद लावणे, खोक्यांतली कागदपत्रे वाचून यादी करणे, करारातला एक शब्द शंभर पानांत सगळीकडे सारखा आला आहे की नाही ते पाहणे, ही कामे तिने इतकी चोख केली की, त्याच फर्मने तिला उमेदवारीसाठी निवडले. परीक्षेचे पैसे फर्मने भरले. दोन्ही भाग ती पहिल्या फेरीत उत्तीर्ण झाली. व्हिसा संपण्याआधी, २०२४ च्या सप्टेंबरात, फर्मच्याच पुरस्कृत व्हिसावर तिची दोन वर्षांची उमेदवारी सुरू झाली. चार विभागांत प्रत्येकी सहा महिने.

तिची आई एकदा फोनवर विचारत होती, "तू नेमकं करतेस तरी काय गं?" ती म्हणाली, "आई, एक कंपनी दुसरी कंपनी विकत घेते ना, तेव्हा आधी तिचे सगळे कागद वाचून बघायचे. कर्ज किती, खटले किती, जागा कोणाच्या नावावर." आई म्हणाली, "म्हणजे मडकं घेताना वाजवून घ्यावं तसं!" आम्हांला वाटते, कोणत्याही प्राध्यापकाने हे काम याहून सोपे करून सांगितले नसते.

या नोकरीची दुसरी बाजूही सांगायला हवी. तिथे कामाचा हिशेब सहा-सहा मिनिटांनी ठेवतात. एका तासाचे दहा तुकडे, आणि प्रत्येक तुकडा कोणत्या अशिलाच्या खाती टाकला ते लिहायचे. व्यवहार पुरा व्हायचा असेल तर रात्रीचे बारा वाजतात, दोनही वाजतात. पगार मोठे आहेत. २०२४ मध्ये लंडनच्या काही बड्या फर्मनी नव्याने सॉलिसिटर झालेल्यांचा पगार वर्षाला दीड लाख पौंड केला. पण तो आकडा ऐकून डोळे फिरवून घेऊ नका. तो उमेदवारीनंतरचा आहे, लंडनच्या खर्चातला आहे आणि झोप विकून मिळतो. तिथे भारतातलेही सहकारी असतात आणि आडनाव ऐकल्यावर 'मूळचे कुठले?' असे विचारणारे तिथेही भेटतात. ती सरळ सांगते, "मुंबईची, बौद्ध आहे." आणि कामाला लागते.

एका बैठकीत आमच्याच एका कार्यकर्त्याने प्रश्न केला, "कंपन्यांची वकिली करून समाजाला काय उपयोग? बाबासाहेब गोरगरिबांसाठी लढले." प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून उत्तर देतो. गोरगरिबांसाठी लढणारे वकील हवेतच, आणि त्यांना समाजाने अधिक मान द्यावा. पण गिरणी बंद होते, तिची जमीन विकली जाते, कामगाराची देणी बुडतात, तेव्हा तो व्यवहार कोणत्या कलमाने झाला हे सांगणारे माणूस आपल्यात किती? बाबासाहेबांनी व्यापारी कायदा शिकवला तो केवळ पोटासाठी असेल, पण तो त्यांना येत होता, ही गोष्ट लहान नव्हे. ज्या सॉलिसिटरांच्या कचेऱ्यांनी १९२३ मध्ये त्यांच्याकडे पाठ फिरवली, तसल्याच कचेरीत आज कंडक्टरची मुलगी आतल्या बाजूला बसते. त्या खुर्चीवर बसल्या बसल्या पहिल्याच वर्षी साऱ्या समाजाचे ऋण फेड, असे तिला सांगणे म्हणजे पेरल्या दिवशीच पीक मागणे होय.

परत यायचे ठरवले तर इकडेही वाटा आहेत. मुंबई-दिल्लीच्या मोठ्या फर्म अशा अनुभवाला किंमत देतात. परदेशी फर्मना भारतात कचेरी थाटायला मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये मनाई केली होती. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परदेशी वकिलांना सल्ल्यासाठी अधूनमधून येऊन जाण्याची मुभा दिली. २०२३ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने नियम करून आणि २०२५ मध्ये त्यांत सुधारणा करून दार थोडे किलकिले केले आहे. न्यायालयात उभे राहायचे नाही, परदेशी व आंतरराष्ट्रीय कायद्यापुरताच सल्ला द्यायचा, अशी त्याची चौकट आहे. म्हणजे लंडनचे शिक्षण आणि इथली सनद ज्याच्याकडे दोन्ही आहे, त्याचा हात दोन्ही बाजूंनी मोकळा.

आता आईबापांना व कार्यकर्त्यांना आमची विनंती. जाण्यापूर्वी मुलांना सनद घ्यायला लावा. शिष्यवृत्तीच्या करारपत्रात परत येण्याविषयी काय लिहिले आहे ते सहीपूर्वी वाचा, सहीनंतर नव्हे. केंद्राच्या योजनेत आपल्याला बौद्ध म्हणून अनुसूचित जातीचा लाभ १९९० च्या दुरुस्तीमुळे मिळतो, तेव्हा जातीचा दाखला व पडताळणी आधीच तयार ठेवा. विमानात बसण्यापूर्वीच फर्मचे अर्ज लिहायला सुरुवात करायला सांगा. व्हिसाचे महिने मोजा. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना दोन वर्षांऐवजी दीडच वर्ष मिळणार आहे. आणि नोकरी लागल्यावर पहिल्या वर्षी घर दुरुस्तीचे पैसे मागू नका. छप्पर एक पावसाळा आणखी गळेल. इतकी वर्षे गळलेच आहे.

आमच्या समितीने आपल्यापुरते प्रायश्चित्त घेतले आहे. जयंतीच्या वर्गणीतला तिसरा हिस्सा बाजूला ठेवून 'पहिल्या नोकरीचा निधी' काढला. पदवी झाल्यावर नोकरी लागेपर्यंत तीन-चार महिन्यांच्या भाड्याला तो बिनव्याजी द्यायचा. नोकरी लागली की हप्त्याने परत, म्हणजे पुढच्या मुलाला मिळेल. वहीखाते आमच्याकडे आहे, कोणीही येऊन पाहावे. पहिली रक्कम कोणी भरली ते वाचकांनी ओळखलेच असेल. तिने एक अट मात्र घातली : "काका, फ्लेक्सवर माझं नाव नको." शिवाय दर रविवारी रात्री एक तास ती इकडच्या मुलांचे अर्ज फोनवर तपासून देते.

परवा शेजारच्या गल्लीतला एक मुलगा पेढे घेऊन आला. त्याला परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळाला आहे. पूर्वी आम्ही लगेच हाराची ऑर्डर दिली असती. या खेपेला पेढा तोंडात टाकून पहिला प्रश्न विचारला, "सनद घेतलीस काय रे?" तो म्हणाला, "नाही काका." मग आम्ही पेढ्याचा पुडा बाजूला ठेवला आणि त्याला चष्मा शोधायला लावून फॉर्म भरायला बसलो.

जय भीम.